साडूंची जॅग्वार आणि आमची पद्मिनी

पुण्याच्या लग्नास मुंबईहून सहकुटुंब निघावयाचे ठरले, तेव्हा आमच्या पद्मिनीत सासूबाई, सौभाग्यवती, तीन मुले, गाडी हाकणारे मेहुणे आणि लाडवांचा डबा एवढ्यांची तजवीज बिनतक्रार झाली, कारण गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असल्याने पुढच्या सलग बैठकीवर तिघांनी बसण्याची तिथली वहिवाट जुनीच आहे. उरलो मी, आणि माझी रवानगी साडूंच्या दोन आसनी जॅग्वार ई-टाइपमध्ये झाली.

१९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात अवतीर्ण झालेल्या या गाडीचे इंजिन ३.८ लिटरचे, अश्वशक्ती २६५ आणि वेग ताशी १५० मैल, हे साडू कुलवृत्तांत वाचावा तसे सांगत होते; १०८९ सीसीच्या पद्मिनीचा उल्लेखही त्यांच्या लेखी अशिष्ट होता. (चितोडच्या राणीचे नाव इतक्या चौकोनी देहाला द्यावयास धाडस लागते, हे मलाही कबूल आहे.) जॅग्वारमध्ये बसण्याची क्रिया विहिरीत उतरण्यासारखी आहे: आधी पाय, मग कंबर आणि शेवटी, प्रतिष्ठा बाहेर ठेवून, मस्तक.

खोपोलीला वडापावासाठी थांबलो, तो आमच्याभोवती जत्रा भरली. साडूंनी लोकाग्रहास्तव बॉनेट उघडले. ते मडगार्डांसकट पुढे उलटते, त्यामुळे सुसरीने जांभई दिल्याचा भास झाला. सहा सिलिंडरांवर वीस मिनिटे निरूपण झाल्यावर एका रिक्षावाल्याने अत्यंत अदबीने विचारले, “पण साहेब, ॲव्हरेज किती देते?”

साडूंनी बॉनेट मिटले.

पुढे बोरघाटात सिमेंटची पोती लादलेला एक ट्रक आमचा अग्रेसर झाला, आणि १५० मैलांपैकी आमच्या वाट्याला दहा आले. आसन जमिनीपासून वीतभर उंच, त्यामुळे पावसाळ्यातल्या सह्याद्रीऐवजी मला त्या ट्रकचे डिफरन्शियल दिसत होते, तेही चांगले अर्धा तास. इंग्रजांना घाटाची वाट दाखविल्याची ज्याची आख्यायिका आहे त्या शिंग्रोबाच्या देवळापाशी पोचलो, तर पद्मिनी केव्हाच येऊन उभी. नाणे वाहून झाले होते आणि लाडू वाटले जात होते. मला विहिरीतून वर काढण्यास मेहुणे व साडू अशी दोन माणसे लागली.

“जावईबापू, कंबर धरली का?” सासूबाईंनी विचारले.

परतीच्या प्रवासात मी पद्मिनीत, मागल्या बैठकीवर, लाडवांच्या डब्याशेजारी होतो. डबा रिकामा झाल्याने तो पायाखाली घेता आला.