ल्योंला काय आहे?

काही शहरांना जायला कारण लागत नाही. पॅरिसला चाललो म्हटलं की ऐकणारा मुकाट्याने मान डोलावतो. पण फ्रान्सपर्यंत जाऊन मला ल्यों पाहायचं आहे, असं म्हणून बघा. समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आणि मग काळजी उमटते. पुण्यात उतरलेल्या पाहुण्याने शनिवारवाडा राहू द्या, मला आधी सोलापूरला न्या म्हटलं तर यजमानाच्या चेहऱ्यावर उमटेल तशी. आमच्या पिस्कॅटवेतल्या चार बिऱ्हाडांची युरोपची सहल गेली कित्येक वर्षं ठरते आहे. ठरण्यातच तिचं निम्मं सुख असावं. दर बैठकीत नकाशा उलगडतो, कांदेपोहे होतात, पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम ही नावं ठरल्या क्रमाने घेतली जातात, आणि सगळं जमत आलं की मी हळूच 'ल्यों' म्हणतो. मग एक वहिनी अतिशय प्रेमाने विचारतात, "भावजी, पण ल्योंला आहे काय?"

प्रश्न रास्त आहे. उत्तरंही माझ्याकडे आहेत, आणि भरपूर आहेत. हीच खरं तर संशयाची जागा. ज्याला मनापासून जायचं असतं त्याच्याकडे कारण एकच असतं, आणि नेमकं तेच तो सांगत नाही.

नदीकाठच्या जुन्या शहराचीच हौस असेल तर इतक्या लांब कशाला, असंही एकदा निघालं. तेही खोटं नाही. आमचं पिस्कॅटवे १६६६ पासूनचं, न्यू जर्सीतल्या अगदी जुन्या वस्त्यांपैकी एक, आणि दक्षिणेच्या अंगाला रॅरिटन नदी. अठराव्या शतकात समुद्राकडून येणारी गलबतं नदीतून जिथवर वर येऊ शकत, तिथे रॅरिटन लँडिंग नावाचं बंदर होतं. वखारी होत्या, आसपासच्या शेतांतलं धान्य न्यूयॉर्ककडे रवाना होत होतं, आणि टेकाडावर कॉर्नेलियस लो या व्यापाऱ्याने १७४१ साली बांधलेलं दगडी घर होतं. घर अजून आहे, त्यात काउंटीचं संग्रहालय आहे. बंदर मात्र नाही. स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश फौजेने त्याची धूळधाण केली. मागाहून ते थोडंफार सावरलं, पण १८३४ साली पलीकडच्या काठाने कालवा सुरू झाला, पाठोपाठ रेल्वे आली, आणि बंदर कुणाला न सांगता गवताखाली निघून गेलं. ते गवत म्हणजे आजचं जॉन्सन पार्क. रविवारी सकाळी आम्ही पुरुषमंडळी त्यावरून फेऱ्या मारतो, घरपट्टी आणि गुडघे या दोन विषयांवर बोलत. अडीचशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या पेढीच्या बरोबर डोक्यावर उभं राहून आम्ही व्याजदरांची चर्चा केली असेल, आणि खालच्या शेटजींनी कान टवकारले असतील. पण आपण जिथे राहतो तिथे जाता येत नाही, ही राहण्यातली मोठीच अडचण आहे.

ल्योंला नद्या दोन. आल्प्सकडून धावत येणारी रोन आणि उत्तरेकडून रमतगमत येणारी सोन. या सोनबद्दल ज्युलियस सीझरने लिहून ठेवलंय, की ती कुठल्या दिशेला वाहते हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, इतकी ती संथ. मोहिमेवर निघालेल्या सेनापतीला काठाशी थांबून एवढं निरखायची सवड व्हावी, यातच त्या हवेचा गुण कळतो. रोमनांनी इ.स.पू. ४३ मध्ये तिथल्या टेकडीवर शहर वसवलं. त्यांचं दगडी नाट्यगृह अजून त्याच टेकडीच्या कुशीत ऊन खात बसलं आहे. आणि या दोन नद्यांना भेटायची घाई नाही. मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी ठेवून त्या शहरभर जवळजवळ शेजारून वाहतात, एकमेकींची खबर ठेवतात, आणि शहर संपता संपता कुठे एक होतात. मी कराडजवळच्या गावचा. आमच्याकडे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन थडकतात. जागेचं नाव प्रीतिसंगम असलं तरी भर पावसाळ्यात पाहिलं तर ते कडाक्याचं भांडण वाटतं. लहानपणापासून असला संगम पाहिलेल्या माणसाला, लांबवत लांबवत भेटणाऱ्या नद्या एकदा पाहाव्याशा वाटल्या तर ते कारण पुरेसं आहे, असं मला वाटलं होतं. बैठकीत ते पुरलं नाही. "संगमावरच जायचं तर प्रयागला जाऊ, पुण्य तरी लागेल," असं एक मित्र म्हणाला. पुण्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

पुढच्या वेळी मी सोलापुरी चादर काढली. म्हणजे खरोखरच कपाटातून काढून आणली. आमच्या पिढीच्या प्रत्येक घरात ती आहे. पहिल्या बॅगेतून, कुकरभोवती गुंडाळून आलेली, आणि धुऊन धुऊन आता स्वभावाने मऊ झालेली. तिच्यावरची नक्षी ज्या यंत्रणेने उमटते, ती ल्योंच्या जोसेफ मारी जॅकार्डची. १८०४ च्या सुमारास त्याने मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ चढवली. जिथे भोक, तिथला धागा वर उचलायचा. जिथे नाही, तिथला खाली राहू द्यायचा. विणकराशेजारी बसून दिवसभर धागे ओढणारं पोर त्याने सुटलं. पुढे चार्ल्स बॅबेजने गणनयंत्रासाठी हीच कल्पना उचलली. त्याच्याकडे जॅकार्डचं रेशमात विणलेलं चित्र होतं, सुमारे २४ हजार पुठ्ठे लागलेलं. पाहुण्यांना ते छापील वाटायचं. पुठ्ठ्यांची पंचकार्डं झाली, आणि आमच्यातली थोरली मंडळी या देशात उतरली ती त्या कार्डांचे गठ्ठे बगलेत धरून संगणकाच्या खिडकीपाशी रांग लावायलाच. आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेचं मोठं कार्यालय आमच्या पिस्कॅटवेतच आहे. तेव्हा आपण सगळे ल्योंच्या मागावरचेच धागे, असं मी जरा आवाज चढवून म्हणालो. भोक सापडलं म्हणून वर उचललेले. ज्यांना सापडलं नाही ते गावी राहिले, आणि नक्षीला दोघेही लागतात. यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग चादरीची विचारपूस सुरू झाली, हल्ली असा पोत मिळत नाही यावर एकमत झालं, आणि ल्यों मागे पडलं. त्याच विणकरांनी १८३१ आणि १८३४ साली मजुरीच्या दरांसाठी उठाव केले आणि सैन्याने ते मोडून काढले, हे मी सांगितलंच नाही. सहलीला निघालेल्यांना उठाव दाखवू नयेत.

बाकीची कारणं मी तोंडी लावायला ठेवली होती. लोराँ मूर्गे नावाचा दात उपटणारा एक गृहस्थ, गिऱ्हाइकं जमवायला आणि त्यांचं दुखणं विसरायला लावायला बाहुल्या नाचवू लागला. दात राहिले बाजूला, त्याचा गिन्योल हा बाहुला दोनशे वर्षं टिकला. ८ डिसेंबर १८५२ च्या रात्री, वादळ ओसरल्यावर, मेरीच्या मूर्तीसाठी लोकांनी खिडक्याखिडक्यांत मेणबत्त्या लावल्या, आणि अजून लावतात. ही तारीख आम्हाला सोयीची, कारण पिस्कॅटवेत दिवाळीच्या माळा नाताळापर्यंत उतरवायच्या नसतातच. जेवणाचं मात्र मी जपून बोललो. ल्यों खवय्यांचं शहर आहे खरं, पण तिथल्या जुन्या खाणावळींत आतड्यांचे इतके प्रकार करतात की आमच्यातल्या चतुर्थीवाल्या मंडळींनी तिकिटंच रद्द केली असती.

हे सगळं खरं, आणि यातलं एकही माझं कारण नाही. माझं कारण म्हणजे एक फाटक.

मोंप्लेझीर भागात ल्युमिएर कुटुंबाचा छायाचित्रणाच्या काचा बनवायचा कारखाना होता. १८९५ च्या मार्चमध्ये लुई ल्युमिएरने रस्त्याच्या पलीकडे आपलं नवं यंत्र मांडलं आणि सुटीच्या वेळी फाटक उघडायला लावलं. कामगार बाहेर येतात, बहुतेक बायकाच, लांब झगे आणि टोप्या घातलेल्या. एक जण दुसरीचा झगा ओढते, कुत्रा मधे मधे करतो, कुणी सायकलवर निघतं. पन्नासेक सेकंदांत संपतं. पडद्यावर पैसे देऊन पाहिलेल्या पहिल्यावहिल्या चित्रपटांतला हा एक, आणि त्यात काय घडतं, तर माणसं घरी जातात. या प्रसंगाच्या तीन आवृत्त्या आहेत, आणि अभ्यासक त्या घोड्यांवरून ओळखतात: एकीत एक घोडा, एकीत दोन, एकीत घोडाच नाही. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात, एक रुपया तिकिटात, ल्युमिएरांच्या माणसाने जो पहिला खेळ लावला त्यातही हे फाटक उघडलं होतं. मुंबईतले छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांना ते वेड लागलं. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये चक्क एक कुस्ती टिपली. तेव्हा फाटक आपल्याकडे येऊन गेलं आहे. आपण जायचं ती फक्त परतभेट.

आणि ती भेट पिस्कॅटवेकरांनीच घ्यायला हवी, कारण आमची वेस लागून आहे ती एडिसन गावाशी. थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा त्याच हद्दीत होती, म्हणून १९५४ साली गावाने त्याचं नाव घेतलं. आज आम्ही तिथे वांगी, तोंडली आणि चितळ्यांची बाकरवडी आणायला जातो. हलती चित्रं ल्युमिएरांच्या आधी एडिसननेच लोकांना दाखवली, १८९४ साली न्यूयॉर्कमध्ये. पण एका लाकडी पेटीत. पेटीला वर एक भोक. एका वेळी एकाने वाकून डोळा लावायचा, पाहायचं आणि बाजूला व्हायचं. ल्युमिएरांनी तीच चित्रं कापडावर सोडली आणि अनोळखी माणसं एका अंधारात शेजारी शेजारी बसली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तर त्यांनी प्रचंड पडदा पाण्याने भिजवून लावला, म्हणजे चित्र दोन्ही बाजूंनी दिसावं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. कारण मी सिनेमा पाहायला शिकलो तो पडद्याच्या मागच्या बाजूने. गावच्या जत्रेत तंबू यायचा. पुढे पुरुष, आणि कापडापलीकडे बायका आणि पोरं. मी आईजवळ. आमच्या बाजूचे सगळे नायक डावखुरे होते, तलवार उजव्या कमरेला लावायचे. खलनायकाच्या डाव्या गालावरचा व्रण दुसऱ्या वर्षी पुढच्या बाजूने पाहिला तेव्हा उजव्या गालावर निघाला, आणि हा त्याचा भाऊ असणार अशी माझी खात्री पटली. श्रेयनामावली उलटी यायची. आईला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे तिचं काहीच अडलं नाही. तिला माणसं वाचता यायची, आणि ती दोन्ही बाजूंनी सारखीच रडायची. तिच्या खांद्याला टेकून मी जे पाहिलं त्याची सुरुवात एका फाटकातून झाली होती, हे तिला सांगायचं राहून गेलं. तिने बहुधा विचारलं असतं, की त्या बायका घरी पोचल्या का नीट.

आता आमच्या घरात रात्री जेवणं झाली की चार माणसं चार खोल्यांत आपापल्या पेटीला डोळा लावून बसतात. एडिसन उशिरा का होईना, जिंकला. मधूनच एका खोलीतून हसू येतं, आणि बाकीच्यांना कळत नाही कशाला.

तर परवा मी फाटकाचं सांगून टाकलं. आश्चर्य म्हणजे कुणी हसलं नाही. पॅरिसहून वेगवान रेल्वेने दोन तासांचं अंतर. त्या कारखान्याच्या उरल्या भागात आता चित्रपटगृह आहे, समोरच्या गल्लीला पहिल्या चित्रपटाचं नाव आहे, आणि दर ऑक्टोबरातल्या महोत्सवाला आलेले मोठमोठे दिग्दर्शक, मार्टिन स्कॉर्सेसीसुद्धा, तोच प्रसंग पुन्हा चित्रित करतात, हे ऐकल्यावर अर्धा दिवस मंजूर झाला. आपणही आठ जणांनी ओळीने बाहेर यायचं असं वहिनींनीच सुचवलं. मग फोन कोण धरणार यावरून खडाजंगी झाली, कारण जो धरेल तो चित्रात नाही. लुईही त्यात नव्हता, असं मी म्हणालो. कुणाचं समाधान झालं नाही.

इतका वेळ ही एका कोपऱ्यात आपल्या फोनमध्ये डोकं घालून बसली होती. मला वाटलं, हिचं लक्ष नाही. तर ती तिन्ही आवृत्त्या पाहत होती.

"अहो, आपण कुठली करायची?" तिने विचारलं. "दोन घोड्यांची, एका घोड्याची, का बिनघोड्याची?"

"बिनघोड्याची. घोडा कुठून आणणार?"

"एकाची करू," ती म्हणाली. "त्यात घोडागाडी सगळ्यांच्या मागून येते. तुमच्या गुडघ्याला तेच बरं पडेल."