पुढे चला, पाणबुडी रिकामी आहे

पाणबुडी बघायला गेलेल्या मराठी माणसाला टॉर्पेडो, पेरिस्कोप, सोनार वगैरे मंडळींबद्दल यथातथाच उत्सुकता असते. त्याला खरं तर तीन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात : आत खायला काय मिळतं, झोपायचं कुठे, आणि ‘त्याची’ सोय काय. यातला तिसरा प्रश्न चारचौघांत विचारायला धीर लागतो. आमच्या घराण्याचा सगळा धीर आत्याकडे गेलेला आहे.

विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर ‘आयएनएस कुरसुरा’ ही पाणबुडी आहे. लांबी ९१ मीटर. १९६९च्या डिसेंबरात सोव्हिएत युनियनमधल्या रिगा बंदरात ती आपल्या नौदलात दाखल झाली, ७१च्या युद्धात अरबी समुद्रात गस्त घालून आली आणि २००१ साली निवृत्त झाली. पुढच्याच वर्षी आंध्रवाल्यांनी तिला ओढून किनाऱ्यावर आणलं आणि तिचं संग्रहालय केलं. हे ऐकताना मुंबईकराने खाली बघावं. आपल्याकडे चांगली विमानवाहू ‘विक्रांत’ होती, तीही संग्रहालय म्हणून. २०१४ साली ती भंगारात निघाली आणि पुढे तिच्या पोलादाचा अंश असलेली मोटरसायकल बाजारात आली. त्यांच्याकडे युद्धनौका बघायला तिकीट काढतात, आपल्याकडे तिच्यावर बसायला हेल्मेट लागतं.

आम्ही गेलो होतो यात्रा कंपनीबरोबर. सगळ्यांच्या डोक्यावर एकाच रंगाच्या टोप्या आणि पिशवीत चिवड्याची पुडी. मॅनेजरने बसमध्येच बजावलं होतं, “पाणबुडीला पाऊण तास. पाणबुडी चुकली तरी चालेल, पंगत चुकवू नका.” रांगेत ऊन असं काही तापलं होतं की पाण्याखाली जाण्याची कल्पना प्रथमच मनापासून पटली.

आत माहिती सांगायला नौदलातले निवृत्त लोक असतात. आमच्या वाट्याला आलेल्या गृहस्थांची हिंदी तेलुगू वळणाची होती; पण टोप्यांवरची अक्षरं वाचून त्यांचा चेहरा खुलला. ते बरीच वर्षं कुलाब्याला होते म्हणे. मराठी येते का, विचारल्यावर ते छाती काढून म्हणाले, “पुढे चला, पुढे चला!” बेस्टच्या कंडक्टरकडून त्यांनी एवढंच उचललं होतं. पाणबुडीत दुसऱ्या कुठल्या मराठीची गरजही पडत नाही.

कारण आत एकामागून एक माणूस जाईल एवढीच वाट. दोन्ही बाजूंना नळ्या, झडपा, चाकं, तबकड्या. माणसाला कुठे ठेवायचं हा विचार अगदी शेवटी, तोही नाइलाजाने झालेला. एकूण सात कप्पे. एकातून दुसऱ्यात जायला भिंतीत गोल भोक आणि त्याला जाडजूड झाकण. पाय आधी घालायचा की डोकं, यावर आमच्यात मतभेद झाले. बँकेतून निवृत्त झालेले एक काका दोन्हींच्या मधल्या पद्धतीने शिरले आणि अर्धे एका कप्प्यात, अर्धे दुसऱ्यात असे थांबले. “पुढे चला,” गाइड म्हणाले. “तेच तर करतोय,” काका पलीकडून म्हणाले.

ते झाकण कशासाठी, तेही गाइडनी सांगितलं. एका कप्प्यात पाणी शिरलं, तर ते बंद करायचं म्हणजे बाकीची बोट वाचते. आत कोण राहिलं, हा प्रश्न मग विचारायचा नसतो. याच किनाऱ्यासमोर ७१च्या डिसेंबरात पाकिस्तानची ‘गाझी’ नव्वदहून अधिक माणसांसकट बुडाली. क्षणभर आमच्यातला चिवडाही थांबला.

टॉर्पेडोंची राहण्याची व्यवस्था मात्र चोख. पुढे सहा नळ्या, मागे चार. एकूण बावीस टॉर्पेडो. त्यांच्या शेजारीच खलाशांच्या फळ्या. एका फळीवर एक पुतळा निजलेला होता, त्याला आत्या “जरा पाय घ्या हो” म्हणाली आणि त्याने न घेतल्याबद्दल रागावली. पंचाहत्तर माणसं या नळकांड्यात महिना महिना राहायची, हे ऐकून बाकीचे हळहळले. आत्या नाही. तिची उभी हयात गिरगावच्या चाळीत गेली आहे. तिने थेट विषयाला हात घातला, “संडास किती?”

गाइडनी बोटं दाखवली. बोटं एकाच हाताची होती आणि त्यांतलीही बरीच मिटलेली.

“आमच्या मजल्यावर वीस बिऱ्हाडं नि टोकाला तीन,” आत्या म्हणाली. “डबा ठेवला की नंबर लागायचा. त्यात काय एवढं?”

आहे, त्यात बरंच आहे. दर दहा मीटर खाली गेलं की बाहेरचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. शंभर मीटर खोलीवर समुद्र आत घुसायला टपलेला असतो आणि आपल्याला तर काहीतरी बाहेर पाठवायचं असतं. त्यासाठी दाबलेली हवा लागते आणि झडपा ठरल्या क्रमाने उघडाव्या-मिटाव्या लागतात. क्रम चुकला की पाठवलेलं सव्याज परत. १९४५च्या एप्रिलमध्ये ‘यू-१२०६’ या जर्मन पाणबुडीत नेमकं हेच झालं. स्कॉटलंडजवळ संडासाच्या झडपांचा घोळ झाला, समुद्राचं पाणी खालच्या बॅटऱ्यांपर्यंत गेलं, विषारी क्लोरीन वायू सुटला, बोट वर आणावी लागली आणि शेवटी सोडूनच द्यावी लागली. महायुद्धात शौर्याच्या कथा पुष्कळ आहेत. मला ही सगळ्यांत खरी वाटते. चाळीत भांडणं होत, पण कडी चुकीची लागली म्हणून चाळ बुडाल्याचं ऐकिवात नाही.

अंघोळीचा विषय ओघाने निघालाच. गोडं पाणी मोजून मिळायचं, ते पिण्याला आणि स्वयंपाकाला. अंघोळ नाही, दाढी नाही. (पुतळे तेवढे गुळगुळीत.) आत्याला हे पटेना. “पारोसंच राहायचं? मग देवापुढे दिवा कोण लावायचं?”

“अम्मा,” गाइड हात जोडून म्हणाले, “दिये को भी ऑक्सिजन लगता है।”

आत्या निरुत्तर झाल्याचं मी प्रथमच पाहिलं. पाण्याखाली डिझेल इंजिनंसुद्धा चालत नाहीत, त्यांनाही हवा लागते. म्हणून खाली बॅटरीवर चालायचं आणि बॅटरी भरायला वर यायचं, हे मी तिला समजावून सांगितलं. “म्हणजे रात्रीचं लपूनछपून पाणी भरायचं, तसं,” असं म्हणून तिने नौदलाचं सगळं तंत्र एका वाक्यात उरकलं.

बाहेर आलो. रस्त्यापलीकडे ‘टीयू-१४२’ नावाचं नौदलाचं अवाढव्य विमान ठेवलं आहे, चार इंजिनांचं. आत जायला वेळ नव्हता, मॅनेजर पंगतीच्या नावाने हाका मारत होता. आत्याने विचारलं, हे काय करायचं? मी म्हटलं, पाणबुड्या शोधायचं. १९८८ ते २०१७, एकोणतीस वर्षं समुद्रावर हेच काम.

तिने विमानाकडे पाहिलं, मग वळून मागे कुरसुराकडे.

“मग सांगा की रे त्याला कुणीतरी,” ती म्हणाली, “ही काय समोर.”