जरा सीझन उरकू द्या

लासलगावात भाऊसाहेब एक नाहीत. बाजार समितीच्या आवारालगतच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर दोन-तीन तरी सापडतात. डॉक्टरांनी साखर बंद, तंबाखू बंद, रोज चालायचं असं सांगितलेलं असतं आणि भाऊसाहेबांनी त्यातलं काहीच नाकारलेलं नसतं. ‘करायचंय, पण जरा सीझन उरकू द्या.’ सीझन मात्र उरकत नाही. लाल कांदा संपला की रांगडा, रांगडा संपला की उन्हाळ, आणि उन्हाळ चाळीतून निघेस्तोवर पुन्हा लाल. लोक त्यांना आळशी म्हणतात, ते मला पटत नाही. आळशी माणूस लिलावात ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर भर उन्हात पाहत फिरत नाही. भाऊसाहेबांना थांबणं येतं, एवढंच. माल धरून ठेवला आणि भाव चढला, हे त्यांनी पाहिलंय. तीच हुशारी ते तब्येतीला लावतात. पण चाळीतला कांदा वजनात घटतो, कोंब काढतो, सडतो, हे त्यांना का शिकवायचं? कोंब रोखायला भाभा अणुसंशोधन केंद्रानं इथं विकिरण केंद्र उभारलं. निश्चयासाठी तशी सोय अजून नाही.

म्हणून निश्चय साठवूच नये, त्याला वेळ नेमून द्यावी. पुरावा गावातच आहे. अमावस्येला लिलाव बंद, ही बाजार समितीची कैक दशकांची रीत होती. ती मोडली तेव्हा प्रत्येकाच्या मनाची तयारी व्हायची वाट कुणी पाहिली नाही. लिलाव ठरला आणि ट्रॅक्टर आले. यावर भाऊसाहेब म्हणतील, तिथं रोकडा होता, चालण्याला काय भाव? खरंय. चालण्याचा मोबदला उधारीवर मिळतो. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी 2010मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारणपणे 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही, ही त्यातली भाऊसाहेबांच्या कामाची ओळ. ‘लिलावात चालतोच की’ हा आक्षेप किरकोळ आहे. दर चार पावलांवर थांबून बोली लावणं म्हणजे चालणं नव्हे. जड आक्षेप वेगळाच आहे. रोज गाडीवर येणारा माणूस पायी दिसला, तर व्यापार बसला अशी बोलवा उठेल! बाजारात पत ही खरी चीज आहे, त्यामुळे हे हसण्यावारी नेता येत नाही. त्याला उपाय एकच, दुसऱ्या एका भाऊसाहेबांना सोबत घ्यावं. दोघं पायी दिसले की गाव समजतं, मोठा सौदा चाललाय.