जीएसएम काकू

करंजाड्यात प्रश्नांना तोटा नाही. टँकर कधी येणार, रिक्षावाला पनवेल स्टेशनला यायला तयार होणार का, आणि नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन तर 8 ऑक्टोबर 2025 लाच झालं, मग आपल्या वन-बीएचकेचा भाव कधी उडणार? अशा वस्तीत टॅरो जाणणारी बाई म्हणजे देवानेच धाडलेली. आमच्या सोसायटीत ती आहेही. पण काकूंना भविष्यात काडीचा रस नाही. त्यांचा जीव कागदात आणि त्याच्या जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम यात.

टॅरोचा कॅट 78 पत्त्यांचा. इतर लोक त्यातला 'मृत्यू' निघाला की घाबरतात. काकू पत्ता हातात घेऊन आधी वाकवतात. "तीनशे जीएसएम. लगेच मऊ पडणार." साडेतीनशेचा असला तर चेहरा खुलतो. चारशेचा असला तर म्हणतात, "हा पिसायला पैलवान लागेल." चकचकीत लॅमिनेशन त्यांना बिलकुल चालत नाही: घामाच्या हाताला पत्ते चिकटतात. मॅटवर ओरखडे दिसतात. लिननवर मात्र प्रेम. त्या बारीक खळग्यांत हवा राहते, पत्ता पत्त्यावरून सरकतो.

पावसाळा म्हणजे काकूंचा युद्धकाळ. एकाच बाजूला लॅमिनेशन असेल, तर उघडी बाजू दमट हवा पिते, फुगते आणि पत्ता पापडासारखा वळतो. म्हणून सोसायटीत कोणी नवे बूट आणले की खोक्यातली सिलिका जेलची पुडी काकूंच्या दारात पोचवावी लागते. मेंटेनन्स थकला तरी चालतो, पुडी थकलेली चालत नाही.

पत्ते हाताळायचे नियम वेगळेच. डोक्याला खोबरेल लावून आलात, तर आधी साबणाने हात. वडापाव खाऊन आलात, तर परत जा. फर्रर्र करून पिसलंत, तर नातं संपलं. एकदा एका वहिनींनी जुगाऱ्यासारखे पत्ते पिसले. काकूंनी त्यांना दोन महिने हळदीकुंकवाला बोलावलं नाही.

काकूंचं माहेर सावंतवाडी, त्यामुळे शेवटी गाडी तिथल्या गंजिफावर येतेच. दशावतारी गंजिफाचे पत्ते 120, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, हाताने रंगवलेले आणि गोल. "कोपराच नाही, तर दुमडणार काय?" हा त्यांचा बिनतोड मुद्दा. चिंचोक्याची खळ आणि लाखेची झिलई यांच्यापुढे सगळे परदेशी कॅट त्यांना पोरकट वाटतात. अपवाद 1909 च्या रायडर कॅटचा. तोही भविष्यासाठी नाही, चित्रांसाठी. पामेला कोलमन स्मिथने एवढी चित्रं काढली आणि पैसे मिळाले नावापुरते, हे सांगताना काकूंचा आवाज आपल्याच घरातल्या वाटणीवर बोलावं तसा चढतो.

माझं मत विचाराल, तर काकूंचा धंदा कधीच चालणार नाही, आणि तसा तो चालूही नये. परवा खालच्या मजल्यावरचा मुलगा नोकरीचं विचारायला आला. काकूंनी त्याला हात धुवायला लावले, पत्ता काढायला सांगितला, मग तो पत्ता ट्यूबलाइटसमोर धरून बराच वेळ न्याहाळला.

"काय दिसतंय, काकू?"

"काही नाही. काळ्या गाभ्याचा आहे, आरपार दिसतच नाही," काकू आनंदाने म्हणाल्या. "उत्तम माल!"