दुधी, वेळू आणि आवळ्याच्या बिया

वात्स्यायन स्वभावानं अगदी टापटिपीचा असावा. कामसूत्राच्या शेवटच्या अधिकरणात तो शय्येवरच्या कृत्रिम साधनांची, म्हणजे ‘अपद्रव्यां’ची यादी देतो, ती सोन्याचांदीपासून सुरू होते. पुढे तांबं, लोखंड, हस्तिदंत, शिंग, कथील, शिसं. मग बहुधा त्याला आपल्यासारख्यांचा खिसा आठवतो. यातलं काही मिळालं नाही तर दुधी भोपळ्याची पोकळ नळी घ्यावी, नाहीतर वेळू. तेलात आणि काढ्यात मुरवून मऊ करावा आणि दोऱ्यानं कमरेला बांधावा. गुळगुळीत लाकडी मण्यांच्या माळेत आवळ्याच्या बिया ओवल्या तरी चालतं म्हणतो. मोरावळा घालून झाल्यावर त्या बियांचं काय करायचं, याचं उत्तर आपल्या आज्यांनी कधी दिलं नव्हतं.

मला गंमत वाटते ती त्याच्या सुराची. साखर नसेल तर गूळ घाला म्हणावं, तितक्या सहज तो सोन्यावरून दुधीवर येतो. अंतःपुरातल्या बायका कंद, मुळं, फळं वापरतात हेही तो डोळे न वटारता नोंदवतो. राजाच्या घरी राण्या अनेक आणि राजा एक. हिशेब सरळ आहे.

आपलं तसं नाही. र. धों. कर्व्यांनी आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरं दिली तर खटला झाला. 1934 साली त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी दंड व्हायचा तो झालाच. आणि अगदी अलीकडे, 2024 मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाला बॉडी मसाजरवर निकाल द्यावा लागला. माल सीमाशुल्कवाल्यांनी अडवला होता, कारण काय, तर याचा ‘दुसरा’ उपयोगही होऊ शकतो. तशी बंदी कायद्यात नाही, ती अधिकाऱ्याच्या कल्पनेतली आहे, अशा अर्थाचं न्यायालयानं म्हटलं आणि माल सुटला. बरंच झालं. दुसऱ्या उपयोगाचा हाच न्याय पुढे नेला असता तर पंचनामा करायला भाजी मंडईत जावं लागलं असतं. गाजराच्या ढिगापाशी हवालदार, आणि भाजीवाली विचारतेय, “साहेब, पावशेर देऊ का?”

घरगुती हिकमतीला दोष देण्यात अर्थ नाही. दोन खोल्यांत सहा माणसं राहतात, पार्सल दारात आलं की सासूबाई कात्री घेऊन तयार. स्वयंपाकघरातल्या वस्तूला निदान लपवायची जागा लागत नाही.

अडचण येते ती अज्ञानाची. शल्यचिकित्सकांना विचारा. त्यांच्याकडे आलेला प्रत्येक जण न्हाणीघरात पाय घसरून नेमका त्या वस्तूवरच बसलेला असतो. मागच्या वाटेला पुढे अडसर नाही आणि तिथले स्नायू वस्तू आत ओढून घेतात, म्हणून बुडाशी रुंद पसरट भाग नसलेलं काहीही तिकडे नेऊ नये. काच तर कुठेच नको. भाजी असेल तर धुऊन, वर निरोध चढवून, आणि फ्रीजमधून काढल्या काढल्या नको, हे सांगायला डॉक्टरही नको. मध, साखर, चॉकलेट सिनेमात शोभतं. प्रत्यक्षात नाजूक जागी बुरशीची सोय होते. ठेच्याच्या मिरच्या ज्या हातानं चिरल्या, त्या हाताबद्दल मी काही बोलत नाही.

आणि खोबरेल! केस, भेगा, कुरकुरणारी बिजागरी, सगळ्याला आपल्याकडे एकच औषध. वात्स्यायनाचं तेलानं काही बिघडलं नाही, कारण त्याच्या वेळूवर रबर नव्हतं. लॅटेक्सचा निरोध तेलानं कमकुवत होतो आणि ऐन वेळी फाटतो. औषधाच्या दुकानात पाण्यात विरघळणारी जेली मिळते. मागताना घसा खाकरावा लागतो, पण दुकानदारानं याहून मोठी खाकरणी ऐकलेली असतात.

राहता राहिलं गाजर. काम झाल्यावर ते ओल्या कचऱ्यात जाऊ द्यावं. काटकसर कितीही अंगात मुरलेली असली तरी हलव्यात नको; दुधी असेल तर कोफ्त्यातही नको.