लाइव्ह ऑर्केस्ट्रा आणि हिरवा त्रिकोण

मानोरा तालुक्यातल्या इंझोरीसारख्या गावात ऑर्केस्ट्रा यायचा म्हटलं, की आधी फ्लेक्स लागतो आणि त्यावर गायिकेच्या फोटोपेक्षा ठळक एक शब्द असतो : ‘लाइव्ह’. पूर्वी हे कोणी लिहीत नव्हतं. अ‍ॅकॉर्डियनवाला घामाघूम होऊन भाता ओढायचा. तो जिवंत आहे हे छापून सांगावं लागत नव्हतं. मग कीबोर्डने बासरी, व्हायोलिन आणि अ‍ॅकॉर्डियन गिळलं, ऑक्टोपॅडने ढोलक आणि कोंगो गिळले. शेवटी पेनड्राइव्ह आला आणि सगळ्यांनाच गिळून बसला. खरं वाजवणाऱ्यावर ‘लाइव्ह’ लिहायची पाळी आली ती तेव्हापासून.

शेतीतही हेच चाललंय. आजोबांची ज्वारी नुसती ज्वारी होती. आता शेणखत टाकणाऱ्याला नाव लागतं आणि एकावर भागत नाही : सेंद्रिय, जैविक, नैसर्गिक, विषमुक्त. केंद्र सरकारने २०१५ मध्ये याच शेतीसाठी ‘परंपरागत’ नावाची योजना काढली, आणि चर्चासत्रात तज्ज्ञ ‘पारंपरिक शेती’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात युरिया असतो! अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख मिशन आधी ‘जैविक’ होतं, मग ‘नैसर्गिक’ झालं. गाय तीच, शेण तेच, पाटी रंगवणाऱ्याचं बिल तेवढं नवं. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे पद्मश्री सुभाष पाळेकर रासायनिकवाल्यांइतकेच सेंद्रियवाल्यांवरही तुटून पडतात. त्यांच्या ‘झिरो बजेट’ शेतीचा गौरव २०१९ च्या केंद्रीय बजेटात झाला. हा विनोद माझा नाही.

युरियाचं मात्र बरं आहे. त्याला २०१५ पासून कडुनिंबाचा लेप सक्तीचा, म्हणजे तोही अर्धा आयुर्वेदिक. कीटकनाशकाच्या डब्यावर त्रिकोण असतो : तांबडा, पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे सर्वांत कमी विषारी, पण विषारीच. इकडे सेंद्रियाच्या पीजीएस प्रमाणपत्रात ‘ग्रीन’ म्हणजे अजून पुरता सेंद्रिय न झालेला माल. हिरव्याचा भरवसा दोन्हीकडे नाही.

निर्यातीचं प्रमाणपत्र हवं तर हंगामी पिकाला आधी दोन वर्षं रूपांतराची. तेवढे दिवस डायरी लिहा, पावत्या जपा, तपासनीसाला चहा पाजा. शेजाऱ्याचा फवारा वाऱ्याने तुमच्या तुरीवर आला तर बाटली तुमची तूर. धुऱ्याला लागून मोकळी पट्टी सोडायची तीही तुम्हीच. ज्याने पाठीवर पंप घेतला, त्याला सातबाराच्या पलीकडे कोणी काही विचारत नाही.

आणि रसिक? ऑर्केस्ट्रात बाजूला बसलेले काका हमखास म्हणतात, “पोट्टी गाते त मस्त, पन रेकॉर्डवानी नाई वाटत.” म्हणजे तिकीट लाइव्हचं आणि अपेक्षा रेकॉर्डची. शहरातल्या धान्य महोत्सवात तीच जात भेटते. ताईंना वांगं सेंद्रिय हवं, पण चकचकीत, एका मापाचं आणि अळीने तोंड न लावलेलं. जे अळीलाही खाववलं नाही, ते ताई विश्वासाने पिशवीत टाकतात. वर, “भाऊ, दुकानात तर स्वस्त मिळतं.”

बाजार समितीत तर हा वादच नाही. सोयाबीनचा ओलावा बघतात, माती बघतात, डागी दाणा बघतात. जीवामृताचं आणि डीएपीचं सोयाबीन एकाच ढिगात, एकाच भावात. समता बघायची तर तिथे.

मानोऱ्याला लागूनच यवतमाळ जिल्हा. तिथे २०१७ च्या हंगामात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्या कपाशीला प्रमाणपत्र कोणी मागितलं नाही. जिनिंगमध्ये ती कापूस म्हणूनच गेली.

तेव्हा वाचकहो, पुढच्या आठवडी बाजारात शेणखतवाल्याकडे प्रमाणपत्र मागण्याआधी एक करा. शेजारच्या चकचकीत वांगीवाल्याकडे फवारणीच्या बिलाची झेरॉक्स मागून बघा.