मुलांचा जादूगार सोडा

सुट्टी लागली की पनवेलच्या सोसायट्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते. मुलं दिवसभर मोबाइलवर जादूगार खेळवतात, डोक्यात भलतंसलतं शिरतं, अशाने खऱ्याखोट्यातला फरक कळेनासा होईल. तक्रार करणाऱ्याच्या दंडाकडे बघावं, तर काळ्या दोऱ्यात ताईत.

फरक नेमका कोणाला कळत नाही?

‘क्लॅश रोयाल’ घ्या. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीचा, 2016 सालचा खेळ. त्यातला जादूगार मैदानात उतरवायचा तर पाच एलिक्सिर मोजावं लागतं. आगीच्या गोळ्याला चार. साठा फार तर दहाचा. तो संपला की भरेपर्यंत हात चोळत बसायचं. तेवढ्यात समोरच्याने सहाचं रॉकेट टाकलं, की जादूगार खलास. आठवीतलं पोरगं हा सगळा हिशेब धावत्या लोकलमध्ये, एका हाताने दांडी धरून, मनातल्या मनात करतं. जादूला किंमत असते, मर्यादा असते आणि तोडही असते, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

घरातल्या मोठ्यांच्या बाबाच्या शक्तीला मात्र मर्यादाच नाही. मग अडाणी कोण?

या खेळांत फसवणूक नाहीच, असं कोणी म्हणणार नाही. आहे, पण ती जादूगाराच्या हातात नाही, बंद पेटीत आहे. आत काय निघेल ते नशीब, आणि पुन्हा नशीब आजमावायचं तर पैसे भरा. बेल्जियमने 2018 मध्येच काही खेळांतल्या असल्या पेट्यांना सरळ जुगार ठरवलं. आई-बाबांनी डोळ्यांत तेल घालून बघायचं ते इथे. मंत्रांनी मूल बिघडत नाही, पण फोनला जोडून ठेवलेलं बापाचं कार्ड त्याला नको ती सवय लावू शकतं.

आणि चेटकीण? ती तर पनवेलकरांनी कडेवरच्या पोरांना स्वतः नेऊन दाखवलेली आहे.

फडके नाट्यगृहात ‘अलबत्या गलबत्या’ लागू द्या. रत्नाकर मतकरींची चिंची चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, 2018 च्या नव्या संचात वैभव मांगले यांनी. ती रंगमंचावर आली की चार वर्षांचं पोर आईच्या कुशीत तोंड खुपसतं. एक डोळा उघडा ठेवून. मध्यंतरात वडा खातं. दुसऱ्या अंकात तेच पोर खुर्चीवर उभं राहून चिंचीला दम देतं. दोन अंकांत भीती संपली.

घरी आल्यावर मीठमिरची घेऊन दृष्ट काढायला बसतात ती मोठी माणसं.

पुण्याचे जादूगार रघुवीर डोळ्यांवर पट्टी बांधून रस्त्यावर मोटारसायकल चालवत. गर्दी श्वास रोखून बघायची. तीही जादूच, पण तिकीट काढून बघायची. पडदा पडला, टाळ्या झाल्या, व्यवहार मिटला. बाबाचा व्यवहार सुरूच होतो तो पडदा पडल्यावर.

एवढाच तर भेद आहे, आणि तो समजायला शाळकरी पोराला पाच मिनिटं पुरतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं शाळांतून हेच करत आले आहेत. नारळावर पाणी शिंपडायचं, शेंडी भडकते, वर्ग अवाक. मग शेंडी उलगडून सांगायचं की आत सोडियमचा तुकडा होता, पाणी लागताच तो पेटतो. हळदीच्या हातावर चुन्याची निवळी, की झालं लालभडक रक्त. मंत्राने होम पेटवायचा तर तूप म्हणून ग्लिसरीन आणि खाली पोटॅशियम परमँगनेट. मुलं घाबरत नाहीत. पुन्हा करून दाखवा म्हणतात.

हे दाखवत, सांगत महाराष्ट्र फिरलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात गोळ्या घालून मारलं. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं मंत्रालयाचे उंबरे झिजवले, त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांत निघाला. डिसेंबरात कायदा झाला. माणूस जाईपर्यंत थांबायची काय गरज होती?

बरं, कायदा आला. आता सीएसएमटीहून पनवेल लोकलमध्ये बसा. सव्वा तासाहून अधिक प्रवास आहे, वाचायला वेळच वेळ. दाराशेजारच्या पत्र्यावर चिकटवलेलं स्टिकर वाचा. बंगाली बाबा. वशीकरण, मूठकरणी, सौतन से छुटकारा, मनपसंद विवाह, मूल होण्याची हमी. सगळं घरबसल्या, चोवीस तासांत. खाली दहा आकडी मोबाइल नंबर, ठळक लाल अक्षरांत.

क्लॅश रोयालच्या जादूगाराला एवढं जमत नाही.

हे स्टिकर पोरं वाचत नाहीत. वाचते ती नवऱ्याच्या माराला कंटाळलेली, धुणीभांडी करून परतणारी बाई. वाचतो तो नोकरी गेलेला मुलगा. त्या नंबरावर त्यांचा पगार जातो, मंगळसूत्र जातं. आणि लाजेपोटी तक्रार कोणी करत नाही. अशा बाईला ‘शिकलेली नाही, म्हणून फसली’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ती दुःखाने फसली.

कायदे कमी पडतात का? औषधे व जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा 1954 चा आहे. त्यात ताईत, मंत्र, कवच ही नावं स्वच्छ लिहिली आहेत. भिंती-पत्रे विद्रूप करण्याविरुद्धचा राज्याचा कायदा 1995 चा. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात चमत्काराच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे, पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. शिवाय तक्रारीची वाट न बघता लक्ष ठेवायला पोलिसांतलाच दक्षता अधिकारी नेमायची सोय आहे.

आणि आपण करतो काय? स्टिकर खरवडतो. उद्या तिथेच नवं चिकटतं, कारण निघतो तो कागद. नंबर चालूच राहतो.

बाबाचा पत्ता शोधायला ना खबरी लागतो, ना छापा. नंबर त्याने स्वतः छापून दिलेला आहे. दक्षता अधिकाऱ्याने आज संध्याकाळी साध्या वेशात, साध्या फोनवरून तो एकदा फिरवावा. गिऱ्हाईक समजून बाबा उचलेल.